एकशे बारा लिटरचा बॉक्स

हे मृत्युपत्र लिहायला मी तीन आठवडे टाळाटाळ केली. एकदा कागद नव्हता, एकदा शेजारच्या गावात कोणाचा तरी अॅम्प्लिफायर बघायला गेलो तो तिथेच राहिलो, आणि काल तर नुसताच झोपलो. उद्या सुराबायाहून मासेमारीच्या जहाजावर चढायचंय, दोन वर्षांसाठी. आता इलाज नाही.

मी, यानुआर प्रासोजो, वय चोवीस, शिक्षण नववी (दहावीचे सात दिवस धरले नाहीत), राहणार सुंबरवारू, जिल्हा ब्लितार, पूर्व जावा, पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहून देतो. कॉफीच्या टपरीवाली लास्त्रीताई समोर उभी राहून "लिही, नाहीतर पेला उचलते" म्हणते आहे, तेवढी बळजबरी धरू नये.

१. मोटारसायकल धाकट्या बहिणीला, रेत्नोला. मागचा ब्रेक आधी बघून घ्यावा. बँकेत असेल तेही तिचंच.

२. करवत, ड्रिल आणि सोल्डरिंगचं सामान कासिरानकाकांना. करवत मुळात त्यांचीच आहे. मी निघून जाताना नेली.

३. आता मुद्द्याचं. काका गावात स्पीकरचे बॉक्स करणारे सुतार, मी चार वर्षं त्यांच्या हाताखाली होतो. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमधल्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीआधी त्यांच्या दोन बॉक्सच्या जोडीतले वूफर, म्हणजे बास काढणारे मोठे स्पीकर, फाटले. नवे निवडायचं काम माझ्याकडे आलं. काकांची रीत अशी: बॉक्स आडवा टाकायचा, वूफरच्या भोकातून काठोकाठ भाताच्या साळी ओतायच्या, मग त्या बाहेर काढून मापाने मोजायच्या. आतल्या पट्ट्या आणि नळी जेवढी जागा खातात ती आपसूक वजा होते. राहिली वूफरच्या मॅग्नेटची, ती हिशेबाने. अर्धा दिवस जातो. मला कंटाळा आला. मी बाहेरून टेप लावली, गुणाकार केला, पाठच्या फळीवर "१५०" लिहिलं आणि दीडशे लिटर मागणारे वूफर आणले.

मिरवणुकीत आवाज नुसता घुमायला लागला, गाण्याचा शब्द कळेना. मी आणखी वाढवला. बॉक्सला झेपत नाही इतका खालचा बास आला की वूफरचा कोन, म्हणजे पुढचा कागदी पडदा, मोकाट सुटतो. तसाच सुटला. गावप्रमुखाच्या दारात दोन्ही कॉइल जळल्या. लोक हसले, आणि मी मोठ्याने बोलून गेलो, "बॉक्सच चुकलाय. काकांची नजर गेली आता."

काका एवढंच म्हणाले, "असेल बाबा."

त्यानंतर त्यांच्याकडे बॉक्स करायला कोणी आलं नाही. हल्ली ते खिडक्यांच्या चौकटी करतात. मी जळकी जोडी घेऊन मालांग, जेंबर, कुठेकुठे हिंडलो.

तरी लिहून देतो की बॉक्स बरोबर होता. मोजणारा मी चुकलो. हे कलम गावसभेत मोठ्याने वाचावं, मी असो वा नसो.

लिहिलं एकदाचं! हुश्श. कॉफीसुद्धा गोड लागायला लागली. लास्त्रीताईने खांद्यावरून वाचलं.

"एवढ्यासाठी दोन वर्षं तोंड लपवून फिरलास? गाढवा!"

"एवढंसं नाही ताई. माणसाचं काम गेलं."

"मग तोंडाने सांग की. तो मेल्यावर वाचणार का तू मेल्यावर?"

"तोंडाने जमत नाही."

"समुद्रात उडी मारायला जमतंय!"

उडी नाही, नोकरी आहे. असो.

४. तीच जोडी काकांना परत. गेल्या महिन्यात गावी परतलो तेव्हा टपरीमागे साळी ओतून मोजली: एका बॉक्सचे एकशे अठरा लिटर, मॅग्नेटचे सहा गेले, राहिले एकशे बारा. तेवढ्याच जागेला जुळणारे वूफर शोधून बसवलेत. ढोलाची थाप आता सुटी सुटी ऐकू येते. पाठच्या फळीवरचा माझा आकडा मी खोडलेला नाही, नवा त्याच्याखाली लिहिला आहे.

५. जड मॅग्नेट म्हणजे दमदार वूफर, असं सांगणाऱ्या दुकानदाराला काही देऊ नये. शिवीही नको. ऐकणारा मीच होतो.

ठिकाण: लास्त्रीताईची टपरी, सुंबरवारू. ९ मे.
सही: यानुआर प्रासोजो
साक्षीदार पहिली: सुलास्त्री
साक्षीदार दुसरा:

ही जागा कोरी आहे. ताईने कोणाला तरी निरोप धाडलाय, नाव सांगत नव्हती. आता कळलं. कासिरानकाका आलेत, सायकल कुंपणाला टेकवताहेत. ताई म्हणते, ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही, काकांना नुसतं ऐकायला बोलावलंय, आणि त्यांचा चष्माही घरीच राहिलाय. तेव्हा तिसरं कलम मीच वाचून दाखवायचंय.