बाबा कणगीत उतरायचे

मंगळवार, ४ फेब्रुवारी

वर्तमानपत्राला उद्या दुपारपर्यंत मजकूर हवा. बाबांचं आयुष्य — दोनशे शब्दांत!

आर्विड हाउगलँड, वय शहात्तर. शनिवारी अंगणातला बर्फ काढताना ट्रॅक्टरवरच हृदय थांबलं. आईने आधी ट्रॅक्टर बंद केला, मग फोन केला.

लिहिलं: तेहतीस वर्षं गाई. पहाटे साडेचारला दूध, स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा. गाई विकल्यावर नुसता मका आणि सोयाबीन. चर्चचं छप्पर स्वतःच्या हाताने शाकारलं. मागे बायको मार्लिस, मुलं दोन — मी आणि कर्ट. माझ्या कॉलेजातल्या पहिल्या हिवाळ्यात माझ्या गाडीची बॅटरी गेली, तर नव्वद मैल येऊन बदलून गेले. खोलीवर आले नाहीत. बूट खराब होते म्हणे. हे मात्र लिहिलं नाही.

शेवटी लिहिलं, ‘अतिशय जपून काम करणारा माणूस’. खोडलं. पुन्हा लिहिलं. पाठवून दिलं.

ते खोटं आहे. आणि ते खोटं आहे हे बहुधा मला एकटीलाच माहीत आहे.

बुधवार, ५ फेब्रुवारी

कर्ट कॉफीला आला. गेली पाच वर्षं शेत तोच बघतो. म्हणाला, मोठ्या कणगीतला मका तापलाय. शरद ऋतूत ओलाच भरला गेला. पत्र्याची ती कणगी दोन मजली घराएवढी; वरचं झाकण उघडलं की आंबूस वाफ येते. मक्यावर पापुद्रा धरलाय, दगडासारखा. खाली ऑगर, म्हणजे दाणे बाहेर ओढणारा फिरता स्क्रू, चालू केला की थोडे दाणे ओढले जातात, मग थांबतात.

“सोमवारी मका न्यायला ट्रक येतायत. आत उतरून फोडतो.”

“ऑगर बंद करून ना?”

“बंद केल्यावर मका सुटला की नाही, कळणार कसं? बाबा पन्नास वर्षं असेच उतरायचे. काय झालं त्यांना?”

आईने त्याच्या कपात कॉफी ओतली. मी हात टेबलाखाली घेतले.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

उणे सव्वीस. आज कर्टशी बोलायचं ठरवलं होतं. बोलले नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

कर्टला सांगण्याआधी इथे लिहिते. जसं आठवतं तसं, न वाढवता.

१९९१ चा मार्च. मी अकरा वर्षांची, कर्ट चारचा. बाबा म्हणाले, चल, वर उभी राहा. मी शिडी चढून कणगीच्या तोंडाशी उभी. बाबा आत, हातात लांब पहार, खाली ऑगर चालू. पापुद्र्यावर उभे राहून ते पहार मारत होते. वरून भरीव दिसत होतं, पण खालचा मका ओढला जाऊन पोकळी झाली होती. एकदम पापुद्रा खचला. बाबा गुडघ्यापर्यंत. मग मांडीपर्यंत. मी हसले! मला गंमत वाटली. ते ओरडले — “बटण!”

शिडी कशी उतरले आठवत नाही. ऑगर बंद केला. परत वर गेले तेव्हा ते कमरेच्या वर मक्यात होते. “घरी जाऊ नकोस. मला कॉफीचा रिकामा डबा टाक.” त्या डब्याने ते स्वतःभोवतीचा मका उपसत राहिले. काढला की पुन्हा आत घसरायचा. दोन तास. दात वाजत होते त्यांचे. मला म्हणाले, पाढे म्हण. मी सातापासून सुरू केलं.

बाहेर आले. “आईला सांगायचं नाही.” जेवताना बटाटे दोनदा मागून घेतले.

चौतीस वर्षं मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

रात्री. दुपारी जुन्या गोठ्यात कर्टला सांगितलं. तो हसलाच! “ग्रंथपालबाई, कुठल्या पुस्तकात वाचलंत? बाबांनी मला कणगीचं सगळं शिकवलं. हे बरं सांगायचं राहिलं? अकरा वर्षांच्या पोरीला गुडघा काय न् कंबर काय!”

खरंच गुडघाच असेल? दोन तास की वीस मिनिटं? किती वर्षं मी मनात उगाळतेय. शपथेवर सांगता येईल का? नाही येणार.

पण मग एवढी भीती कशाची वाटते मला?

शनिवार, ८ फेब्रुवारी

दफन झालं. मग चर्चच्या तळघरात जेवण — हॅमचे सँडविच, लिंबाच्या वड्या, पाणचट कॉफी. मग रिवाजाप्रमाणे एकेक जण उठून बाबांच्या आठवणी सांगू लागला. कुणाचा ट्रक त्यांनी ओढ्यातून काढला, कुणाच्या अडलेल्या गाईचं वासरू. सगळं खरं. शेजारचा वेंडेल ओस्बी, बाबांच्याच वयाचा, टोपी छातीशी धरून म्हणाला, “आर्विडला भीती म्हणून ठाऊक नव्हती.” सगळ्यांनी माना डोलावल्या. कर्टचा चेहरा उजळला. आता तो उतरणार. आता तर नक्कीच.

मी उभी राहिले. कागदावर दुसरंच लिहिलेलं होतं. म्हटलं, “त्यांना भीती ठाऊक होती. मी पाहिली आहे.” आणि सांगितलं — बटण, डबा, पाढे. हेही सांगितलं की आकड्यांची मला खात्री नाही, दात वाजत होते याची आहे. आणि सोमवारी कर्ट त्याच कणगीत उतरणार आहे.

कुणी कप खाली ठेवेना. मागून एक माणूस उठला, “माझा मेहुणा. कणगीतच. एकोणऐंशी साली,” एवढंच म्हणाला आणि बसला. कर्ट कोट न घालताच बाहेर निघून गेला. आईकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. आजच पुरलेल्या माणसाला दिलेला शब्द मी मोडला. सँडविच संपायच्या आत!

रविवार, ९ फेब्रुवारी

कर्टचा फोन, सकाळी साडेसातला.

“सगळ्या गावासमोर माझ्या बापाला थरथरायला लावलंस!”

“माझाही बाप होता तो.”

“आणि तो म्हातारा वेंडेल! सहापासून कणगीच्या शिडीखाली खुर्ची टाकून बसलाय. उणे वीसमध्ये! ऊठ म्हटलं तर म्हणतो, उतरणार नाहीस म्हण, उठतो. मरेल ना तो तिथे!”

“मग म्हण की.”

मग म्हणाला, “म्हटलं मी. आत बसून माझाच नाश्ता खातोय.”

फोन ठेवल्यावर रडले. पण भीती जात नाही. तो नुसता म्हणाला असेल तर? वेंडेल घरी गेल्यावर? आणि एक वेगळीच भीती — मी हे कर्टसाठी केलं, की मनावरचं ओझं उतरवायला?

सोमवार, १० फेब्रुवारी

भाड्याचं मशीन आणलं. बाहेर उभं राहून, बाजूच्या दारातून जाड नळीने मका ओढून काढतात, तसलं. सकाळभर कर्टच्या घरी खिडकीशी उभी होते. कर्टची लाल टोपी दर मिनिटाला शोधत.

सव्वाअकराला आतला पापुद्रा कोसळला. कणगीचा पत्रा असा वाजला की स्वयंपाकघरात कप हलले.

लाल टोपी बाहेर होती. बाहेर!

मंगळवार, ११ फेब्रुवारी

लोकांनी आणलेल्या जेवणाची भांडी परत द्यायची होती. मी विसळत होते, आई तळाला चिकटवलेल्या पट्ट्यांवरची नावं वाचून वेगळी लावत होती. मी म्हटलं, “आई, त्यांनी तुला सांगू नको म्हटलं होतं, म्हणून —”

ती म्हणाली, “तुला घेऊन जा, हे मीच सांगितलं होतं त्याला. एकटाच उतरायचा, कुणाचं ऐकायचा नाही. म्हटलं, पोरीच्या देखत तो मरणार नाही.”