डॅशबोर्डखालच्या दोन नळ्या

मिडलटन
२८ नोव्हेंबर १९९३

प्रिय हेस्टर,
स. न. वि. वि.

घटस्फोटाला वर्ष झाल्यावर नणंदेचं पत्र यावं, आणि तेही भावाचं काम घेऊन, म्हणून रागावू नकोस. क्लाइव्हला त्या घरी बांधलेल्या गाडीत हीटर बसवायचा आहे. हो, त्यालाच! हीटर म्हाताऱ्यांना लागतो, म्हणायचा ना? पण त्याच्या मोटार क्लबची जानेवारीची फेरी यंदा डोंगरावरून अ‍ॅल्स्टनला आहे, आणि थंडीत काच आतून धुरकटली की त्याला पुढचं दिसत नाही. तीन प्रकार त्याने पाहून ठेवलेत: बॅटरीवरचा, पेट्रोल जाळणारा आणि इंजिनाच्या गरम पाण्यावरचा. तुला विचारायला त्याची जीभ रेटेना. मला म्हणाला, तूच सहज विचार. तर हे घे, सहज विचारलं.

आईचे गुडघे गेले, तोंड मात्र शाबूत आहे. तुझ्या आल्याच्या केकची आठवण काढते.

माया पातळ होऊ देऊ नकोस,
तुझी म्युरिएल


डार्लिंग्टन
४ डिसेंबर १९९३

प्रिय म्युरिएल,
स. न. वि. वि.

तुझ्यावर कशाला रागावू? त्या गाडीत मी चार हिवाळे तारा ओढल्या, नळ्या जोडल्या. क्लबचा करंडक त्याला मिळाला. मासिकात फोटो आला, त्यात माझं फक्त कोपर आहे. वर समारंभात त्याने सांगितलं की हेस्टर टॉर्च धरायची. सगळे हसले. मीही हसले, आणि तेच मला अजून टोचतं.

आता हीटर. पेट्रोलचा नको. धूर आत शिरला तर जिवाशी खेळ, आणि इतकं वाईट मी त्याचं चिंतत नाही. (हे वाक्य खोडून पुन्हा लिहिलं. खरं आहे.) पाण्यावरचा बसवणं त्याला जमायचं नाही. बॅटरीवरचा घ्यावा, मोठ्यातला मोठा. दोन तारा जोडल्या की काम झालं. दिवे लावून खुशाल डोंगर चढावा.

आईंना (मी अजून आईच म्हणते) केकची कृती सोबत पाठवते.

आहे तो लोभ पुरेसा आहे,
हेस्टर


मिडलटन
२० डिसेंबर १९९३

प्रिय हेस्टर,
स. न. वि. वि.

तुझं मन मोठं, हे मी क्लाइव्हला तोंडावर सांगितलं. हीटर आला, बसलाही. गराजमध्ये दहा मिनिटं चालवून स्वारी खूष आहे.

आता खरी बातमी. ९ जानेवारीच्या फेरीत त्याच्या शेजारी आई बसणार! बाबांची राख वाटेवरच्या ज्या माळावर विखुरली तो तिला एकदा पाहायचा आहे. क्लाइव्ह नाही म्हणत होता, तर म्हणाली की हेस्टरने निवडलेला हीटर आहे, मला काय धाड भरली आहे? तीन घोंगड्या आणि तुझा केक घेऊन निघणार आहे.

अशीच आमची राहा,
म्युरिएल


डार्लिंग्टन
२३ डिसेंबर १९९३

प्रिय म्युरिएल,

नमस्कार मागाहून. तो हीटर आजच्या आज काढायला सांग.

त्या गाडीचा डायनॅमो बावीस अँपिअर देतो. दिवे, वायपर, इंजिन आणि तो हीटर मिळून पंचेचाळीस खातात. तास-दीड तासात बॅटरी बसेल, म्हणजे बरोबर माथ्यावर. हे मला मागचं पत्र लिहिताना माहीत होतं. सगळ्या क्लबसमोर दोर बांधून त्याला ओढत न्यावं, एवढंच मला हवं होतं. रोजनिशीची दोन पानं मी ते दृश्य रंगवण्यात घालवली. दोराचा रंगसुद्धा ठरवला होता. माझ्या शब्दावर विसंबून आई धुक्यात, बंद गाडीत बसतील, हे त्यात नव्हतं. क्लाइव्ह एकटा जाणार असता तर मी हे पत्र लिहिलं असतं का? खूप विचार केला. नसतं लिहिलं.

आता नीट ऐक. डॅशबोर्डखाली डावीकडची पट्टी काढली की टोपणं लावलेल्या दोन नळ्या दिसतील. गरम पाण्यावरच्या हीटरसाठी मी त्या तेव्हाच काढून ठेवल्या होत्या. त्याला दोन वर्षांत दिसल्या नाहीत. टॉर्च धरायला कुणी नसेल.

भंगारवाल्याकडून एका छोट्या गाडीचा हीटर आणून, धुऊन, गळती तपासून पाठवते आहे. कोणताही मेकॅनिक तासाभरात जोडेल. त्यावर मी ठोकलेली पितळी पाटी आहे, बसणाऱ्याच्या बरोबर डोळ्यांसमोर. ती उपटू नये, तिचे रिव्हेट, म्हणजे ठोकलेले खिळे, हीटरच्या पाण्याच्या टाकीत गेले आहेत. पाटी गेली की पाणी गेलं, ऊबही गेली. हा सूड आहे की मदत, मला ठरवता येत नाही. दोन्ही असावं.

उरला असेल तर लोभ राहू दे,
हेस्टर


मिडलटन
१० जानेवारी १९९४

प्रिय हेस्टर,
स. न. वि. वि.

तुझ्यावर मी आठवडाभर चिडले होते. तुझं पत्र क्लाइव्हसमोर ठेवलं, तेव्हा त्याने आधी शिव्या दिल्या, मग पट्टी काढली, मग नळ्या पाहून तुझा हीटर जोडायला मेकॅनिकला बोलावलं. पाटीवर त्याने चिकटपट्टी लावली होती. हीटर तापला आणि चिकटपट्टी माळावरच गळून पडली.

अ‍ॅल्स्टनला सगळे चहाला थांबले. गाडीभोवती घोळका जमला, कारण धुक्यात याच गाडीची काच स्वच्छ होती. आईने चष्मा लावला आणि पाटी खणखणीत आवाजात वाचली: या गाडीच्या तारा, नळ्या आणि ही ऊब, हेस्टर गार्थ. मग क्लाइव्हकडे वळून तिने सगळ्यांदेखत विचारलं की मग टॉर्च कोण धरत होतं रे?

केक संपला. दुसरा घेऊन ये, तोवर रुसवा बाजूला ठेवते,
म्युरिएल