राहिलेली आंघोळ

माय, काल गुड फ्रायडे होता. दुकानाला सुट्टी नसते, पण मालकाला सांगून मी दुपारीच खोलीवर आलो. दाराला कडी लावली, ती परत ओढून पाहिली, खिडकीला चादर बांधली आणि मोबाइलवर येशूचा सिनेमा लावला. चादरीची गरज नव्हती, मोबाइलला अंधार लागत नाही. पण तुझ्या दवाखान्यात खिडक्यांना चादरी बांधल्याशिवाय हा सिनेमा कधी सुरू झाला नाही, म्हणून बांधली.

अमरावतीच्या त्या मिशनच्या दवाखान्यात तू आया होतीस. वलगावहून सकाळच्या बसने जायचीस. शाळेला सुट्टी असली की मला सोबत न्यायचीस, कारण बाबा गेल्यापासून घरात आपण दोघंच. गुड फ्रायडेला दुपारी प्रार्थनेच्या हॉलमध्ये औषधांच्या ट्रॉलीवर टीव्ही ठेवत आणि खिडक्यांना ऑपरेशनच्या हिरव्या चादरी बांधत. नर्सा, आया, वॉर्डबॉय, चालता येणारे पेशंट, सगळे खाली सतरंजीवर. बाहेर ऊन पेटलेलं, आणि चादरींतून येणाऱ्या उजेडात सगळ्यांची तोंडं हिरवी दिसायची, एका येशूचं सोडून. तो गोरापान, निळ्या डोळ्यांचा, आणि हिंदी बोलायचा. वॉर्डची घंटी ऐकू यावी म्हणून तू दाराजवळ बसायचीस. खिळे ठोकायची वेळ आली की मी डोळे मिटायचो. तू माझे डोळे कधी झाकले नाहीस. माझा हात ओढून घ्यायचीस आणि ठोकणं थांबेपर्यंत तळव्यात अंगठा दाबून धरायचीस. दुखायचं. पण त्या दुखण्याकडे लक्ष गेलं की पडद्यावरचं जरा कमी वाटायचं.

तो मेला की माणसं उठू लागायची. सिनेमा बाकी असायचा, पण संपल्यासारखं व्हायचं. तू मात्र हलायची नाहीस. "थांब न बाप्पा," म्हणायचीस, "आंघोळ राह्यली अजून." मला कळायचं नाही. मग एका वर्षी तू समजावून सांगितलंस: "दुसऱ्या दिवशी सण होता त्यायचा. घाईघाईत गुहेत ठेवलं त्याले. धड धुतलं नाई, पुसलं नाई. म्हणून ह्या बाया पहाटीच निघाल्या, पाह्य." डोक्यावर ओढण्या घेतलेल्या तीन-चार बाया, हातात सुगंधी तेलाची भांडी, दगडांची वाट. तेवढं तू मान पुढे काढून पाहायचीस. त्या गुहेच्या तोंडाशी पोचल्या की पदर झटकून उभी राहायचीस.

"चाल."

"अन् पुढचं?"

"पुढचं त्या लोकायचं. आपलं इथवरच."

पुढचं मला एका नर्सनं सांगितलं, की गुहा रिकामी होती, तो उठला होता. संध्याकाळी परतीच्या बसमध्ये मी तुला विचारलं, "तो तं तिथं नव्हताच न माय? मग आंघोळ?" कंडक्टर तिकिटं फाडून पुढे गेला. "राह्यली मंग," एवढंच म्हणालीस.

गल्लीतली मावशी तुला टोमणे मारायची. "काहून वं, किरिस्ताव झाली काय तू? घरात बुद्धाची मूर्ती, अन् तिकडे जाऊन येशूचा सिनेमा पायते." तू भांडी घासता घासता म्हणालीस, "तू शनवारी मारोतीचं खोबरं खाते, तुले शेपूट फुटलं काय?" मावशी हसून हसून ओट्यावरच बसली.

तुला त्या बायांचं एवढं का होतं, ते मी डबा द्यायला आलो त्या दिवशी मला समजलं. तू डबा घरी विसरली होतीस. वॉर्डात तू नव्हतीस, म्हणून मी मागच्या खोलीकडे गेलो. दार लोटलेलं, फटीतून दिसलं. लोखंडी टेबलावर एक म्हातारी होती, कंबरेपासून चादर पांघरलेली, आणि तू तिच्याशी बोलत होतीस. "हात दे वं बाई. हं. आता इकडं वळ, झालंच." बादलीतून वाफ निघत होती. तू तांब्या बुडवण्याआधी कोपर पाण्यात घालून पाहिलंस, जसं मला न्हाऊ घालताना पाहायचीस. मला आधी वाटलं, म्हातारी जिवंत आहे. मग तिचा हात सुटून टेबलाबाहेर लोंबला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, मेलेल्या माणसाला गरम पाणी कशाला? तू जन्मात मला मारलं नाहीस, पण त्या दिवशी तुझा चेहरा तसा झाला होता. "तुले थंड्या पाण्यानं घालू काय रे आंघोळ? माणूस हाय न ते! जाय, डबा ठेव तिकडे." मग दोघांनी पायरीवर बसून भाकरी खाल्ली. तुझ्या हातांना चंदनाच्या साबणाचा वास होता. साबण तू घरून न्यायचीस. दवाखान्याच्या साबणानं अंग पांढरं पडते, म्हणायचीस.

पुढे एकदा गावातही हा सिनेमा आला होता. जीपमधून आलेल्या माणसांनी शाळेच्या मैदानात दोन बांबूंना पांढरं कापड बांधलं. वाऱ्यानं कापड फुगलं की येशूचं पोट सुटायचं आणि पोरं ओरडायची. येशूच्या पाठीवर कोरडे बसू लागले तेव्हा मागून एक म्हातारा म्हणाला, "इतका मार खाऊन बोलून नाई राह्यला बुवा! आमचा जावई असता तं आतालोक ठाण्यात गेला असता." सगळं मैदान हसलं, तूही तोंडाला पदर लावलास. पण बाया निघाल्या तसं कापडामागचा जनरेटर बंद पडला आणि जीपवाले आवरू लागले. तू उठून त्यांच्याकडे गेलीस. "दादा, बाया तं पोचू द्या," म्हणालीस. ते म्हणाले, मावशी, डिझेल संपलं.

बारावीनंतर माझं शिक्षण सुटलं. मी अकोल्याला फ्लेक्सच्या दुकानात लागलो. वाढदिवसाचे, निवडणुकीचे, श्रद्धांजलीचे बोर्ड संगणकावर जुळवायचे, हे काम. तुझे गुडघे गेले तशी तूही इथे खोलीवर राहायला आलीस. एका मित्राकडून मी येशूचा नवा सिनेमा आणला होता, इंग्रजी. त्यात चाबकाचा एकेक फटका जवळून दाखवतात, मांस निघताना दिसतं. मला वाटलं होतं, तुला आवडेल. तू थोडा वेळ पाहिलंस. "बंद कर," म्हणालीस. "यात नुसतं मारूनच राह्यले. पुसणारं कोणी दिसतच नाई."

त्याच सुमारास तू ती पिशवी भरून ठेवलीस. पांढरं पातळ, नवा पंचा, कागद न फाडलेला चंदनाचा साबण. माझ्या हातात देऊन म्हणालीस, "मी गेली का गावातल्या दोन बाया बोलावजो. घालतीन त्या. तुले आत यायचं काम नाई. तू बाहेरून पाणी तेवढं देजो. कोमट. कोपर घालून पाहजो आधी." मी चिडलो, कशाला असलं बोलतेस म्हणून. "काहून? मी इतक्या जणायले घातली, मले कोणी नको घालाले?" म्हणालीस आणि तांदूळ निवडायला बसलीस.

साथीच्या दुसऱ्या उन्हाळ्यात तुला दवाखान्यात घेऊन गेले, त्या गाडीमागे मी पिशवी घेऊन गेलो. आत सोडत नव्हते. पुढचे सगळे दिवस मी फाटकापाशी बसून काढले, पिशवी मांडीवर. तू गेलीस तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखातला एक माणूस बाहेर आला. मागे चाकांच्या गाडीवर काळी बंद पिशवी होती. तिच्यावरच्या पट्टीवरचं नाव मी लांबून पुन्हा पुन्हा वाचलं. बरोबर होतं. तूच होतीस.

मी हातातली पिशवी पुढे केली. आंघोळ, म्हणालो.

"कोणाचीच नाई होऊन राह्यली भाऊ," तो म्हणाला. "वापस न्या ते. दुरूनच पाया लागा." मी तिथेच उभा राहिलो. त्याचे फक्त डोळे दिसत होते. गाडी ढकलायला लागल्यावर तो थांबला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "माह्या बापाची बी नाई झाली."

माझ्याकडे एकच काम होतं, माय. पाणी तापवायचं.

पुढच्या वर्षी गुड फ्रायडेला मी पहिल्यांदाच सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. बाया पोचतात, दगड सरकलेला असतो, आत उजेड. त्यांना कळतं आणि त्या हसत, रडत पळत सुटतात. सगळे आनंदात. मला आनंद झाला नाही. एकीनं हातातलं भांडं खाली ठेवलं होतं, मी त्याच्याकडेच पाहत होतो. मागे नेऊन परत पाहिलं. ते तिथेच राहतं. ज्याच्यासाठी रात्रभर कुटून, गाळून आणलं, त्याच्या अंगाला ते लागलंच नाही, आणि हे कोणी बोलतसुद्धा नाही.

तेव्हापासून मी एवढं पुढे जाऊ देत नाही. कालही नाही दिलं. हा कागद तुझ्या पिशवीत पातळाखाली ठेवीन, साबणाजवळ. दुसरीकडे कुठे जायचा तो. पण एक सांगायचं राहिलं. बाया गुहेपाशी पोचल्या की तू उठायचीस. मी त्यांना तिथवरही पोचू देत नाही. वाटेतच थांबवतो, भांडी हातात असताना. जोवर त्या चालताहेत, तोवर तो आत आहे, आणि कोणीतरी त्याला न्हाऊ घालायला निघालेलं आहे. थांबवलं की थोड्या वेळानं मोबाइलचा पडदा आपोआप काळा पडू लागतो. काल संध्याकाळपर्यंत मी तसाच बसून होतो. काळा पडायला लागला की अंगठा लावत होतो.