आईला हलवणं शक्य नाही

२ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी १.१०

कारखान्यात नोटीस लागली. वजनकाट्यांचं आमचं तपासणी खातं एक जूनपासून शेजारच्या राज्यात जाणार. येणार असाल किंवा नसाल, २८ तारखेपर्यंत फॉर्म भरून द्या. न येणाऱ्यांना जूनपर्यंतच काम.

नोटीस दोनदा वाचली आणि उभ्या उभ्या निर्णय घेतला. जायचं. चोवीस वर्षं एकाच टेबलावर बसून काटे तपासतोय. माणसाने एकदा तरी राज्य बदलावं. विषय संपला.

संकल्प: घरी सांगेपर्यंत बाहेर चकार शब्द काढायचा नाही.

दुपारी ३.००

आतापर्यंत फक्त सहा जणांना सांगितलं. मिलिग्रामला धरून सात. मिलिग्राम म्हणजे शेजारच्या टेबलावरचा. एक चहा दोघांत करताना हा खाली वाकून दोन्ही कपांची पातळी बघतो, म्हणून हे नाव. म्हणाला, फॉर्म बुधवारी मिळणार आहेत. मी आयुष्याबद्दल बोलतोय आणि हा फॉर्मबद्दल.

३ फेब्रुवारी

घरी सांगितलं. ही कपडे वाळत घालत होती. म्हणाली, कधी? बस, एवढंच. मी रडारडीची तयारी ठेवून गेलो होतो. दोन रुमाल होते खिशात. धक्का जबर बसलाय, दुसरं काय.

आई भाजी निवडत होती. तिने विचारलं, कुठे जाणार म्हणालास? गावाचं नाव सांगितलं. आईचं माहेर त्याच राज्यातलं, त्याच बाजूला कुठेतरी. धाकटा मामा अजून तिथेच असतो. आई भाजी तशीच टाकून आत गेली आणि खिडकीपाशी बसून राहिली. धसका घेतला. त्र्याहत्तर वय. माझं चुकलंच, हळूहळू सांगायला हवं होतं.

५ फेब्रुवारी. सकाळी ६.४०

निर्णय बदलला. राहायचं. आईसाठी.

बायको म्हणते, आईंना विचारलंत का? तिला कळत नाही. असले प्रश्न म्हाताऱ्या माणसाला विचारायचे नसतात. मनात नसतानाही हो म्हणतात ती, मुलासाठी. मग आयुष्यभर आपल्या जिवाला घोर.

राहायचं ठरल्यावर एकदम हलकं वाटलं. ऑफिसला जाताना कोपऱ्यावरचा खड्डासुद्धा आपला वाटला.

५ फेब्रुवारी. संध्याकाळी

त्याच खड्ड्यात पाय मुरगळला. या राज्यात राहण्यासारखं काही उरलेलं नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

आई मामाशी फोनवर पाऊण तास बोलली, त्यांच्या भाषेत. मला त्यातले आकडे तेवढे कळतात आणि लहानपणी खाल्लेल्या शिव्या. खूप हसत होती. माणूस फार घाबरला की असं हसतो, कुठेतरी वाचलंय मी.

बायकोला हे सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि इस्त्री करायला गेली. रविवारी इस्त्री! तिचंही मन थाऱ्यावर नाही.

१० फेब्रुवारी

जायचं. आज साहेबांनी माझ्या गुड मॉर्निंगला उत्तर दिलं नाही. ज्या राज्यात चोवीस वर्षांनी ही किंमत, तिथे का राहावं? (साहेब पण तिकडेच येणार आहेत. तो मुद्दा वेगळा.)

संकल्प: तिथली भाषा शिकायची. रोज दहा शब्द. तीन महिन्यांत फाडफाड.

संध्याकाळी ७.३०

आईला शिकवायला सांगितलं. तिने दहाऐवजी चाळीस शब्द घेतले. दार, जिना, चुलतभाऊ, ओलं, कोरडं, भिंतीवरची पाल. पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. म्हणाली, तुझी जीभ जाड आहे. म्हणाली, आमच्या अंगणातून नदीचा आवाज यायचा, त्याला आमच्याकडे वेगळा शब्द आहे. तो शब्द सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

शिकवणी ताबडतोब बंद केली. विषय निघाला की तिला त्रास होतो. भाषा माझ्यासाठी कितीही महत्त्वाची असली तरी तिच्या तब्येतीपुढे काही नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आता मोघम काही नको. माझा धंदाच वजनाचा. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर मोठा तराजू घेतला. डाव्या पारड्यात राहायचं, उजव्यात जायचं. एकेका कारणाची चिठ्ठी आणि तिच्यावर त्या कारणाच्या तोलाचं वजन. राहायचं: आई, दोन किलो. घराची सवय, पाचशे ग्रॅम. न्हावी, पन्नास. (चांगला न्हावी मिळणं सोपं नसतं.) जायचं: नोकरी, एक किलो. पगारवाढ, पाचशे. साहेबांना धडा, दोनशे. तो धडा कसा मिळणार ते नंतर ठरवू.

एक चिठ्ठी हातात राहिली. ‘तिथे मी नवा असेन.’ पन्नासाव्या वर्षी नवा. संडास कुठे आहे हे विचारणारा. तिच्यावर किती ठेवावं कळेना. बराच वेळ वजनांच्या पेटीत बघत बसलो. मग ती चिठ्ठी खिशात घातली.

पारडं राहण्याकडे झुकलं. आईची दोन किलो काढून बघितली, तर धाडकन दुसऱ्या बाजूला. म्हणजे शास्त्रानेच सिद्ध झालं. मी थांबतोय तो केवळ आईमुळे.

एवढ्यात मिलिग्राम आला. चिठ्ठ्यांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. तो माझ्या बोटांकडे बघत होता. आणि मग मीही बघितलं.

मी प्रमाण वजनं घेतली होती. ज्यांच्यावरून बाकी सगळी वजनं आणि काटे तपासतात ती. उघड्या हातांनी. त्यांना हातमोज्याशिवाय शिवायचं नसतं, घाम लागला की वजन बदलतं. भिंतीवर तशी पाटी आहे. पाटी मीच लावलेली.

मिलिग्रामला म्हटलं, पुसून ठेवतो. तो म्हणाला, पुसलं तर आणखी बदलेल. आणि रजिस्टरमध्ये नोंद करायला बसला. वेळेसकट.

१६ फेब्रुवारी

प्रमाण वजनं फेरतपासणीला पाठवली. परत येईपर्यंत खातं बंद. चौसष्ट काटे रांगेत पडून. साहेबांनी बोलावलं. माझ्याकडे बघत म्हणाले, चोवीस वर्षं. मला आधी वाटलं कौतुक करताहेत.

आठवडाभर घरी बस म्हणाले.

१९ फेब्रुवारी

घरी. दिवसभर घरात असलं की घरातलं दिसतं. आई एका जागी बसत नाही. कपाट उपसलं, अर्ध्या साड्या खालच्या मजल्यावरच्या बाईंना देऊन टाकल्या. नदीवरचा पूल अजून अरुंदच आहे का रे, असं मला विचारलं. मला कसं माहीत असणार? ही सगळी निरवानिरवीची लक्षणं. मनातून खचली आहे.

डॉक्टरांना बोलावून प्रेशर बघितलं. एकदम नॉर्मल. माझं निघालं वाढलेलं. यंत्राबद्दल शंका आहे. शेवटचं कधी तपासलं विचारलं, तर डॉक्टरांना राग आला.

२० फेब्रुवारी. सकाळी

चहा घेताना आई आपणहून बोलली. म्हणाली, मी एकोणीस वर्षांची होते. सोमवारी सांगितलं, तुझं लग्न ठरलं. गुरुवारी मी इथे. इथल्या भाषेचा एक शब्द येत नव्हता. दोन वर्षं दुकानात बोट दाखवून सामान आणलं. तुझ्या वडिलांना वाटायचं, बायको अबोल आहे. मला कुणी विचारलं नव्हतं रे, येतेस का म्हणून.

ऐकून गलबललं. तिचा हात धरला. म्हटलं, आई, म्हणूनच. आता या वयात तुला पुन्हा कुणी हलवणार नाही. मी आहे ना.

आईने हात सोडवून घेतला. मग म्हणाली, चहा गार झाला तुझा.

२३ फेब्रुवारी

कामावर. वजनं परत आली. मिलिग्रामने येणार म्हणून फॉर्म भरला. दोन मिनिटं लागली त्याला. नंतर फक्त एवढंच विचारलं की तिथे खातं कितव्या मजल्यावर असणार. असल्या माणसाला मुळं नसतात. सुखी आहे.

माझा फॉर्म पेन्सिलीने तीनदा भरून खोडला. कागद पातळ झालाय.

२५ फेब्रुवारी

सकाळी सहा ते सात या वेळात तीन निर्णय. जायचं, राहायचं, जायचं. अंघोळीनंतर चौथा. डाव्या डोळ्याची पापणी लवतेय.

बायको म्हणाली, आईंना विचारा. त्या आपणहून सांगणार नाहीत, त्यांना विचारावं लागेल. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग मी विचारते. मी म्हटलं, माझ्या आईचं मी बघतो. ती म्हणाली, बघा. एवढ्या वर्षांत तिने माझं पहिल्यांदा ऐकलं. गंभीर झालो की माझा वचक बसतो.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

झालं. फॉर्म दिला. येणार नाही. कारणाच्या रकान्यात एकच ओळ, शाईने: ‘वृद्ध आई. तिला हलवणं शक्य नाही.’ पेन मध्येच दोनदा अडला. ओळ मात्र झकास उतरली.

ऑफिसातल्या बाई आग्रह करणार याची खात्री होती. तुमच्याशिवाय खातं कसं चालणार वगैरे. त्यावर द्यायची तीन उत्तरं जिन्यात पाठ केली होती. बाईंनी शिक्का मारला आणि म्हणाल्या, पुढचे या.

संध्याकाळी

घरी जाहीर केलं. आईने विचारलं, दिलास फॉर्म? म्हटलं, दिला. तुझ्यासाठी. आई म्हणाली, बरं.

ताटावरून लवकर उठली. गहिवरली असणार. बायकोने भांडी फार वाजवली.

१ मार्च, रविवार

आईने मला गाडीचं टाइमटेबल बघायला सांगितलं. मामाकडे जाऊन येते म्हणाली, आठ दिवस. बायको सोबत जाणार. मीही आग्रह केला, जाऊन ये. महिनाभर केवढा ताण पडला तिच्या मनावर. हवापालट झाला म्हणजे घरची ओढ आणखी वाढेल.

जिना उतरताना तिने कठडा धरला नाही. मीच खाली पोचेपर्यंत धरून होतो.

५ मार्च

घर शांत. संकल्पांना उत्तम वेळ. उद्यापासून व्यायाम. जूनपासून नवं काम शोधायचं, त्यासाठी बायोडाटा. ‘प्रमाण वजनांचा प्रत्यक्ष अनुभव’ असं लिहिलं होतं, मग प्रत्यक्ष हा शब्द खोडला.

आईचा फोन नाही. बायकोचा आला, आई नदीवर गेल्यात म्हणाली. एकट्या.

९ मार्च, सोमवार. सकाळी ९.००

दोघी आज परतायच्या होत्या. बायकोचा फोन आला. म्हणाली, आईंना बोलायचंय.

आई म्हणाली, मी आता इथेच राहते. मामाकडची मागची खोली रिकामी आहे, चुना लावून घेतलाय. तुझी बायको पंधरा दिवस थांबून घडी बसवून देईल. मी म्हटलं, अगं आई, पण मी तुझ्यासाठी... आई म्हणाली, हो, ते कळलं. तू जायचं म्हणालास तेव्हा मला वाटलं होतं, आता तू विचारशील, येतेस का. महिनाभर वाट बघितली. मग म्हटलं, दर वेळी दुसऱ्याने विचारायची वाट कशाला बघायची. रागावू नकोस. आणि सकाळचं खाऊन जात जा.

रागावलो नाही. फोन ठेवल्यावर तिच्या खोलीत जाऊन बसलो. खूप वेळ बसलो असेन, कामावर उशीर झाला.

दुपारी १.३०

ऑफिसातल्या बाईंकडे गेलो. फॉर्म बदलता येईल का विचारलं. बाई म्हणाल्या, यादी गेली, पण मोठ्या साहेबांना अर्ज करून बघा, एक जागा अजून रिकामी आहे. उद्या दुपारपर्यंत लागेल. कारण काय लिहू? त्यांनी माझा जुना फॉर्म काढून वाचला. इथे तर आईंना हलवणं शक्य नाही असं लिहिलंय. आई आता कशा आहेत?

म्हटलं, बऱ्या आहेत. तिकडे असतात.

बाईंनी पत्ता विचारला. सांगितला. त्या एकदम खूश झाल्या. म्हणाल्या, अहो, नव्या कारखान्यापासून अर्ध्या तासावर! मग अडचण काय? करू ना अर्ज?

बाईंनी पेन माझ्यापुढे धरला. खिडकीतून आमच्या खात्यातलं माझं टेबल दिसत होतं. खुर्चीवरची उशी, खिळ्याला अडकवलेला माझा डबा. पलीकडे मिलिग्राम खोक्यांवर नंबर टाकत होता.

मी म्हणालो, विचार करून सांगतो.