संताजीमामांचा चौकोन

प्रिय शैला,

मायन्यात ‘माननीय संचालक’ लिहिणार होते. पण हे पत्र केंद्राच्या फायलीत जायचं नाही, तुझ्या घरी यायचं आहे, तेव्हा शैलाच. परवा सगळ्यांसमोर तू मला ‘शोभनाजी’ म्हणालीस. एका बाकावर बसून शिकलो आपण, आणि पन्नास वर्षांची ओळख तू एका ‘जी’मध्ये आटोपलीस.

तुझं पहिलं भाषण मी शेवटच्या रांगेतून ऐकलं. दुर्मिळ आजारांवरचं संशोधन आता जुन्या कागदांवर चालणार नाही, सगळे वंशवृक्ष संगणकात जातील, आणि घरोघरी जाऊन ते आणणाऱ्या प्रत्येकीने माहिती पूर्ण व खरी असल्याची सही सोमवारपर्यंत द्यायची, नाहीतर नोकरी सोडायची. मग म्हणालीस, आपले लोक आजार लपवतात आणि भोगतात मुलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. राग घरी आल्यावर आला. माझ्या निवृत्तीला चौदा महिने उरलेत, आणि तुझा तो सहीचा कागद तीन दिवस पर्समध्ये घेऊन फिरतेय.

एकोणीस वर्षं, जुन्या इंदूरपासून परदेशीपुऱ्यापर्यंत, लोकांच्या घरी सतरंजीवर बसून मी हे वंशवृक्ष काढले. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी असेल त्याच्या आत काळं. विजय नगरच्या केंद्रात, एसीत बसून ते किती सोपं वाटतं! लोक आधी चहा देतात, मग थापा देतात. कुणी म्हणे झाडावरून पडला, कुणाला नजर लागली. सगळ्यात जास्त पोलिओ. पोलिओ अब्रूदार, त्याने सोयरीक मोडत नाही. त्यात आपली फौजी घराणी मोजून दहा-बारा, आपसातच मुली देणार-घेणार. एकाने लपवलं की चार घरं आंधळी होतात. म्हणून मी तीन-तीनदा जायची, पुन्हा चहा प्यायची आणि खरं काढून आणायची.

आमच्याकडे कुणी काही लपवलं नव्हतं. माझा धाकटा भाऊ तुकोजी दहाव्या वर्षी चालायचा थांबला, सतराव्या वर्षी गेला, सगळ्या गल्लीने पाहिलं. तुझ्या यशवर्धनदादाशी माझं ठरलेलं लग्न साखरपुड्याच्या आठ दिवस आधी मोडलं, ते त्याच्यामुळेच. तुझ्या आई, आनंदीबाई, आपल्या सगळ्यांच्या माई, आमच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, “हमारी शैला डॉक्टरी शिकते ना, ती म्हणते हा आजार बायांकडून पोरांत उतरतो.” पहिल्या वर्षाला होतीस तेव्हा. चुकीचं काहीच बोलली नव्हतीस. पण तू स्वतः आली नाहीस, शैला. चार गल्ल्या तुला लांब पडल्या. मी पुढे लग्न केलं नाही, आणि त्याच आजाराची नोकरी धरली.

दहा वर्षांपूर्वी त्याच नोकरीने मला तुमच्या घरी नेलं. तू भोपाळला होतीस. माईंच्या खोलीत त्यांच्या भावाचा, संताजीमामांचा, लहानपणचा फोटो होता. हाफपँटमधल्या त्या फुगीर पोटऱ्या मी तिथल्या तिथे ओळखल्या. तुकोजीच्या अगदी तशाच होत्या. माईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, “पोलिओ लिहून दे बेटा, नातीची, शमिकाची सोयरीक व्हायचीय.” माझं लग्न मोडणारी बाई माझ्यापुढे विनवण्या करत होती, आणि मला ते गोड लागलं. मी पोलिओ लिहिलं. दया म्हणून नव्हे. तुमच्या घरात काय आहे हे मला ठाऊक आणि तुला नाही, हे मला हवं होतं. माई गेल्या तरी हवंच होतं.

मंगळवारी तू शमिकाला दिवस गेल्याचे पेढे वाटलेस, तिसरा महिना म्हणालीस. मी पेढा खाल्ला आणि गप्प राहिले. दोन दिवस गप्प राहिले, आणि ते दिवस मला चांगले गेले, हेही लिहून ठेवते. काल तुझी लेक केंद्राच्या जिन्यात मला मावशी म्हणून वाकली. त्या पोरीने माझं काय बिघडवलंय? सही मी करणार नाही, सोमवारपासून येणारही नाही. सोबत तुमचा वंशवृक्ष नव्याने काढून पाठवतेय. संताजीमामांचा चौकोन काळा केला आहे, आणि माई, तू आणि शमिका, तिघींच्या गोलांत प्रश्नचिन्ह घातलंय. तुमच्या रक्तात तो दोष असेलच असं नाही, नसेलच असंही नाही. आधी तुझं आणि तिचं रक्त तपासायला दे, अजून वेळ आहे. आणि तिला हे तू स्वतः सांग. चार गल्ल्या चालून जा या वेळी.

नाइलाजाने का होईना, तुझीच,
शोभना