स्प्रिंगांच्या शेडची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, वय सत्तरीच्या पुढचे, धंदा स्प्रिंगा बनवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहीत आहे. माझे कागदोपत्री नाव वकिलांनी वरच्या कोऱ्या जागेत घालावे. शेडमध्ये मला त्या नावाने कोणी ओळखत नाही, तिथे मी सगळ्यांची वहिनी. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे आणि त्याच बैठकीत हेही सांगितले की हृदय आता फार दिवस साथ देणार नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणावे इतके माझ्याकडे काही उरलेलेही नाही.

वकिलांनी कच्च्या मसुद्यात जागोजागी 'सदरहू' घातले होते. मी ते सगळे काढून टाकले. ते म्हणाले, "वहिनी, कोर्टात बरं दिसतं ते." मी म्हटले, "कोर्टात मी नसणारच, तुम्हीच दिसा बरं."

वाटणीला हात घालण्याआधी एक गोष्ट स्पष्ट लिहिते, म्हणजे वाचणाऱ्याने उगाच आशेने पाने उलटू नयेत. माझ्यामागे हा कारखाना चालणार नाही. शेड अर्धी माझी, अर्धी धाकट्या दिरांची, आणि ते ती विकणार आहेत. मुलाला ती नको आहे. गिऱ्हाईके एकेक करून गेली. त्याचे मला वाईट वाटून झाले. आता एकच काळजी उरली आहे, ती आमच्या मिस्त्रींची. ह्यांच्या वेळेपासून ते शेडमध्ये आहेत. मुलीकडे राहतात, गॅलरीत झोपतात, आणि सकाळ झाली की डबा घेऊन शेडकडे निघतात. शेड गेल्यावर त्यांनी सकाळी कुठे जायचे, हे माझ्याच्याने ठरत नाही. बाकीचे मृत्युपत्र सोपे आहे.

कलम पहिले. राहत्या दोन खोल्या आणि त्यातले सामान मुलाला द्यावे. तो दूर असतो, काचा कधी न उघडणाऱ्या ऑफिसात. दर रविवारी न चुकता फोन करतो आणि दर रविवारी तेच म्हणतो, "आई, बंद कर ना आता ते सगळं. कशासाठी ही दगदग?" मी दर वेळी, जेवलास का, एवढेच विचारते. शेडने त्याला शिकवले आणि शिकल्यावर तो शेडमध्ये मावेना. त्यात त्याचा दोष नाही. औषधे त्याने कधी संपू दिली नाहीत. बाळा, मी तुझ्यावर खूश आहे, हे फोनवर सांगायचे राहून गेले म्हणून इथे लिहिते.

माझ्या बांगड्या सुनेला द्याव्यात. गेल्या वर्षी मी अंथरुणाला खिळले तेव्हा ती रजा टाकून आली. माझे करून झाले की दुपारी शेडमध्ये जाऊन मावशींशेजारी बसायची आणि स्प्रिंगा सोडवू लागायची. नव्या स्प्रिंगा खोक्यात ओतल्या की एकमेकींत अशा अडकतात की ओढावे तितका गुंता वाढतो. एकदा तिने ओढली आणि ती उडून भुवईवर बसली. खूण अजून आहे. नवऱ्याला तिने कपाटाचे दार लागले म्हणून सांगितले. खरे सांगितले असते तर त्याने दुसऱ्याच दिवशी शेडला कुलूप लावायला लावले असते. तिच्यामुळे आम्हाला आणखी एक वर्ष मिळाले. मुली, तुझे उपकार मी फेडू शकत नाही. बांगड्या मोडून काही केलेस तरी चालेल, नाहीतरी त्या जुन्या घडणीच्या आहेत.

कलम दुसरे. माल सोडवणाऱ्या आणि खोकी भरणाऱ्या मावशींना भिंतीवरचा मान फिरवणारा पंखा, त्यांची खुर्ची आणि लोखंडी कपाट द्यावे. बँकेत जे काही निघेल त्यातून आधी त्यांचे आणि मिस्त्रींचे पगार, मग माझ्या दवाखान्याचे देणे, मग उरले तर मुलगा. काय हवे, असे मी मावशींना सरळ विचारले होते. त्या म्हणाल्या, "पंखाच द्या. आयुष्यात तोच एक असा भेटला, जो फिरून फिरून माझ्याकडे तोंड करतो." मावशींची जीभ तिखट. माझ्या भाजीला त्यांनी कधी नाव ठेवायचे सोडले नाही आणि माझ्या आजारपणात डब्यातली अर्धी भाकरी मला द्यायचेही सोडले नाही. त्यांच्या जावयाबद्दल मी इतके ऐकले आहे की तो रस्त्यात भेटला तर मी त्याला दोन शब्द सुनावीन.

कलम तिसरे, गिऱ्हाईकांचे. हे जरा लांबेल.

हे गेले त्याला आठवडाही झाला नव्हता. धाकट्या दिरांनी शेडच्या दाराला आपले कुलूप घातले आणि वीजही तोडायला लावली. शेड दोघा भावांच्या नावावर, त्यामुळे बोलायची सोय नाही. आत पेडलवाल्यांची ऑर्डर अर्धवट पडलेली. पेडलवाले म्हणजे कागद कापायची मशिने बनवणारे आमचे सर्वांत जुने गिऱ्हाईक. पायाने पेडल दाबले की पाते खाली येते, आणि पाय उचलला की पेडल वर येते ते आमच्या स्प्रिंगेमुळे; तिचा पीळ मात्र पेडलच्या बाजूप्रमाणे लागतो. तो माल वेळेवर गेला नसता तर आमच्या घरात चूल पेटणे कठीण होते.

मिस्त्री कोणाला न विचारता मागच्या खिडकीतून आत उतरले. वीज नसल्याने मोठे मशीन बंद. मग खिडकीच्या उजेडात ते ह्यांच्या हातमशीनवर बसले. हे डावखुरे होते. त्या मशीनचा दांडा त्यांनी स्वतःसाठी उलट्या बाजूला बसवून घेतला होता आणि तार त्यावर दुसऱ्या टोकाकडून लावायची असे. हे फक्त ह्यांनाच माहीत, आणि सांगायला ते नव्हते. मिस्त्रींनी नेहमीच्या सवयीने तार लावली आणि दिवसभर दांडा फिरवला. सगळा माल उलट्या पिळाचा झाला, एकूण एक स्प्रिंग.

पेडलवाले खोके घेऊन आमच्या घरी आले, कारण शेडला कुलूप. मी दारात उभी, मिस्त्री माझ्यामागे मान खाली घालून.

"वहिनी, हा माल उलटा आहे."

"परत करून देऊ. थोडे दिवस द्या," मी म्हटले. कुठे आणि कसे करून देणार होते, देव जाणे.

त्यांचे लक्ष मिस्त्रींच्या कोपराकडे गेले. कातडे सोलवटून निघाले होते.

"हे काय लागलं?"

"खिडकीची चौकट," मिस्त्री म्हणाले.

पेडलवाल्यांनी खोक्याचे झाकण लावले. मग खोके पुन्हा काखोटीला मारले. "परत कशाला करताय? माझं पेडल उजवीकडे आहे, ते डावीकडे घेतो. माणसाला दोन पाय आहेत की."

आणि त्यांनी खरोखरच घेतले. त्या मालापुरते नाही, कायमचे. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक मशीनचे पेडल डावीकडे आले, म्हणजे त्यांना उलटी स्प्रिंग लागणार आणि ती आमच्याकडूनच घ्यावी लागणार. कित्येक छापखान्यांत माणसे डाव्या पायाने कागद कापत राहिली आणि मिस्त्री त्याच हातमशीनवर बसून उलटा पीळ घालत राहिले. त्या पिळावर माझा मुलगा शिकला, मावशींच्या मुलीचे लग्न झाले. पेडलवाल्यांचे आभार मी तोंडावर मानायला गेले की ते चहा मागवायचे आणि विषय बदलायचे. आता ते नाहीत. त्यांच्या मुलांची मशिने बटनावर चालतात, त्यांना पेडलही नाही आणि स्प्रिंगही नाही.

तरी जुनी मशिने अजून कुठे कुठे चालू आहेत. मधूनच कोणी तुटकी स्प्रिंग पाकिटात घालून पाठवतो, सोबत चिठ्ठी, 'अशी हवी.' त्यांच्यासाठी तयार स्प्रिंगांचे एक खोके खिडकीखाली ठेवले आहे. मागेल त्याला ती फुकट पाठवावी. खोके संपल्यावर प्रत्येकाला स्पष्ट कळवावे की आता मिळणार नाही, आणि बाजारातली लावू नका, ती सुलट पिळाची असते, पेडल खालीच राहील. उगाच झुलवत ठेवू नये. इतकी वर्षे त्यांनी आमचे पोट भरले, निदान खरे उत्तर तरी त्यांना मिळावे.

याच कलमात, जे गिऱ्हाईक आमच्याकडून नमुने नेऊन दुसरीकडे स्वस्तात बनवून घेत असे आणि वर आमच्याच घरी बसून आमच्या कामाची तारीफ करत असे, त्याला मी काही ठेवत नाही. शिव्यासुद्धा नाहीत.

कलम चौथे. शेडमधला माझा अर्धा हिस्सा, मोठे मशीन, भट्टी, उरलेली तार, हत्यारे आणि ह्यांचे हातमशीन मिस्त्रींना द्यावे. हे कलम मी कोणाच्याही विनंतीवरून लिहिलेले नाही, मिस्त्रींच्या तर नाहीच.

वकिलांनी समजावले की न वाटलेली अर्धी शेड म्हणजे नुसते भांडण आहे. दीर कोर्टात जातील, आणि निकाल लागेपर्यंत मिस्त्री टिकणार नाहीत. मला हे कळते. दिरांशी आमचा समझोता तोंडी होता, मी आहे तोवर शेड चालेल. तोही त्यांनी राजीखुशीने केला नव्हता, मी हातोडा घेऊन कुलूप तोडायला उभी राहिले तेव्हा केला. परवा ते टेप घेऊन आले. मी टेबलाशी बसले होते.

"तुम्ही उठू नका वहिनी, बसा. नुसती मापं घेतोय."

"भाऊजी, माझंही घेऊन ठेवा. नंतर धावपळ नको."

ते ओशाळले, पण टेप गुंडाळली नाही. मिस्त्री मशीनपाशी उभे होते. भाऊजी म्हणाले, "मिस्त्री, जरा सरका." ते सरकले. त्यांना त्यांच्याच जागेवरून सरका म्हणणारा माणूस मी इतक्या वर्षांत पाहिले नव्हते. मला रडू येत होते, पण भाऊजींसमोर मी ते येऊ दिले नाही. त्याच दिवशी मी वकिलांना बोलावले.

भाऊजींबद्दल एवढेच की त्यांनाही मुली आहेत, देणी आहेत, आणि शेडचा त्यांना कधी काही उपयोग झाला नाही. मला हे सगळे समजते. मी त्यांना माफ केलेले नाही.

कलम पाचवे. वर न लिहिलेले जे काही असेल, आणि एखादे कलम काही कारणाने रद्द झाले तर त्यातलेही, ते मुलाकडे जावे.

आता साक्षीचे. आज पगार वाटून झाल्यावर वकिलांनी सगळ्यांसमोर इथपर्यंतचा कागद वाचून दाखवला. मग म्हणाले, दोन साक्षीदार हवेत, पण ज्याला यातून काही मिळते त्याची सही चालत नाही, केली तर त्याचे देणे रद्द होते. मी भोवती पाहिले. ज्यांच्यापुढे मी कागद ठेवला असता त्या प्रत्येकाला मी काही ना काही देऊन बसले होते. डॉक्टर पाहुणे म्हणून आले होते, ते सहीला तयार झाले. वकील म्हणाले, दुसरी माझा कारकून करील.

"कारकून कशाला? मी आहे ना," मिस्त्री म्हणाले.

"अहो, तुम्ही केलीत तर चौथं कलम जातं."

"कळलं मला. म्हणून तर करतो."

मी रागावले. म्हटले, "मिस्त्री, हा हट्ट कसला? आजवर काही घेतलं नाहीत, आता तरी घ्या."

ते माझ्याजवळ येऊन बसले. हळू बोलले, पण सगळ्यांना ऐकू गेले. "वहिनी, शेड राहणार नाही. मुलीच्या गॅलरीत मशीन मावणार नाही. तुम्ही ते मला दिलंत, तर एक दिवस भंगारवाल्याला मलाच बोलवावं लागेल. त्याच्याशी भाव करावा लागेल. ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. एवढं नका लावू मला करायला."

मावशींनी तोंडाला पदर लावला. वकिलांनी पेन पुढे केले. मी नाही म्हणू शकले नाही, कारण त्यांना देण्यासारखे दुसरे काही माझ्याकडे नव्हते.

चौथे कलम रद्द झाले तरी खोडू नये. मी दिले होते, एवढे कागदावर राहावे.

आणि बाळा, आता ते सगळे पाचव्या कलमाने तुझ्याकडे येते. भंगारवाला जो भाव देईल तो घे, घासाघीस करू नकोस. फक्त त्या दिवशी मिस्त्रींना सकाळी येऊ नका म्हणून आदल्या दिवशीच कळव. कारण काहीही सांग. ते विचारणार नाहीत.

ठिकाण : शेड, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक : महिन्याचा पहिला शनिवार, पगार झाल्यावर.

मृत्युपत्र करणारी : वहिनी (सही)

साक्षीदार पहिले : डॉक्टर (सही). शुद्धीत असल्याची खात्री केली.

साक्षीदार दुसरे : मिस्त्री (सही). वहिनींनी माझ्यासमोर सही केली, ती मी पाहिली. यातून मला काही मिळालेले नाही.