नाल्यापलीकडचं जंगल

हैदराबाद,
५ फेब्रुवारी १९९०

ती. अक्कास,
पितांबरचा शि. सा. न. वि. वि.

तुझं संक्रांतीचं पत्र आणि तीळगूळ दोन्ही पोचली. तीळगुळापेक्षा पत्रच कडक होतं. चार महिने लिहिलं नाही हे खरं, पण कारण ऐकशील तर राग जाईल.

सोबत एका नकाशाची प्रत धाडतो आहे. सात देश मिळून कोरड्या मुलखातली जंगलं मोजताहेत. अमेरिका आणि फ्रान्स त्यांच्या उपग्रहांची चित्रं देतात, आपण आपल्या उपग्रहाची देतो, आणि नकाशे सगळ्यांनी एकाच रीतीने करायचे. म्हणजे कुणालाच आपल्या देशाचं जंगल फुगवून सांगता येणार नाही. सातपुड्याचा रावेरपासून धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरपर्यंतचा पट्टा आमच्या केंद्राने माझ्याकडे दिला आहे. गडद हिरवं ते घनदाट जंगल, पिवळं ते पडीक. आपल्या निंबझिरीभोवती बघ, पायथ्यापासून खाली कसं गर्द हिरवं आहे. जंगल गेलं, जंगल गेलं म्हणून गावात रडगाणं चालायचं, ते काही खरं दिसत नाही. वरचा डोंगर मात्र पार पडीक झालाय, त्याचं वाईट वाटलं.

मे महिन्यात हा नकाशा घेऊन मी पॅरिसला जाणार आहे. हिने आत्तापासून स्वेटर विणायला घेतला आहे. तिकडे मे महिन्यात थंडी नसते हे सांगून पाहिलं, पण ऐकेल तर शपथ.

राग धुऊन टाक, माया तेवढी राहू दे.
तुझा
पितांबर


निंबझिरी, ता. यावल,
१६ फेब्रुवारी १९९०

चि. पितांबर यास,
यशोदाअक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पॅरिसला जातोस हे वाचून बरं वाटलं. नकाशा उघडला आणि बरं वाटायचं थांबलं. अरे शहाण्या, तू ज्याला घनदाट जंगल म्हणतोस ती केळी आहे. नाल्यापलीकडच्या आपल्या पाच एकरात आज सकाळीच मी केळीची पिलं कापून आले, आणि तुझ्या नकाशाप्रमाणे तिथे वाघ फिरायला हवेत.

आणि ज्याला पडीक म्हणतोस तो सागाचा डोंगर आहे. चित्र एप्रिलमधलं आहे असं कोपऱ्यात लिहिलंय. चैत्रात सागाला पान असतं का? केळीला आपण मोटारीचं पाणी देतो, म्हणून ती तेव्हाही हिरवी. हे तुला, केळी विकून शिकलेल्याला, मी सांगायचं? आपले शिरपूरकडचे तोताराम नाना, जन्मभर जंगलात गार्ड होते, ते नकाशा हातात धरून एवढंच म्हणाले, “पानं झडनात म्हंजे झाड मरनं का?” हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात. तुम्ही आकाशात आरसा टांगलात आणि काकणाकडे बघायचं विसरलात.

मी हसण्यावारी नेलं असतं. पण ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली आहे. उपग्रहाच्या पाहणीत डोंगर पडीक ठरला, म्हणून तो साफ करून एका कागद कारखान्याला निलगिरी लावायला देणार आहेत. हरकत असेल तर ३१ मार्चच्या आत पुराव्यानिशी द्यायची. वरच्या पाड्यावर पुना पावऱ्याचं धरून बावीस घरं आहेत. मोहाची फुलं आणि टेंभुर्णीची पानं यांवर त्यांचं अर्धं वर्ष निघतं. ती माणसं कुठे जातील? तुझ्या एका पिवळ्या रंगापायी हे होतंय. आधी रंग बदल आणि मग पॅरिसला जा. नाहीतर भुसावळपर्यंतसुद्धा जाऊ नकोस.

आशीर्वाद आहेत, पण सध्या रागासकट घे.
यशोदाअक्का


हैदराबाद,
२६ फेब्रुवारी १९९०

ती. अक्कास,
पितांबरचा शि. सा. न. वि. वि.

तुझं म्हणणं खरं आहे. संगणकाला आधी नमुने दाखवून शिकवावं लागतं, हे जंगल, हे पीक, हे पडीक. नियमाप्रमाणे नमुन्याच्या जागी स्वतः जाऊन यायचं असतं. मी म्हटलं, माझंच गाव, मला काय बघायचंय? पन्नास वर्षांपूर्वीच्या सर्व्हे नकाशात नाल्यापलीकडे जंगल होतं, तीच जागा मी जंगलाचा नमुना म्हणून दिली. आबांनी सहासष्ट साली तिथली झाडी तोडून केळी लावली, हे मला खुर्चीत बसल्यावर आठवलंच नाही. आबांची केळीच मी यंत्राला जंगल म्हणून शिकवली, आणि मग त्याला जिथे तिथे केळीत जंगल आणि पान झडलेल्या सागात पडीक दिसू लागलं. फार लाज वाटली.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, कच्चा नकाशा जिल्ह्याला गेला आहे, बाहेरच्या तज्ज्ञांनी पाहिला आहे, १९ मार्चला इथल्या बैठकीत सातही देशांच्या सह्या व्हायच्या आहेत. कुणाच्या बहिणीच्या पत्राने असलं काम फिरत नसतं.

पण त्याहून अवघड गोष्ट पुढेच आहे. नाल्यापलीकडची पाच एकर सरकारी दप्तरात अजून जंगलच आहे. आबांनी ती कधी नावावर करून घेतली नाही आणि आजवर कुणी विचारलं नाही. मी तिथे केळी लिहिली की ती सगळ्यांना दिसणार, आणि तुझी उभी बाग जाणार. मागे राहील ती गावाजवळची दीड एकर. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, अक्का. तू गप्प राहा म्हणालीस तर मी गप्प राहीन.

तुझ्या उत्तराची वाट बघतो. राग असला तरी लिहीच.
तुझा
पितांबर


निंबझिरी,
९ मार्च १९९०

चि. पितांबर यास,
यशोदाअक्काचे आशीर्वाद. वि. वि.

मी तुला गप्प राहा म्हणेन असं वाटलं तरी कसं? मुठीत काय आहे ते मला तुझ्याआधीपासून ठाऊक आहे. आबा तिथे कुऱ्हाड चालवत तेव्हा तू पाटी घेऊन शाळेत जायचास आणि त्यांची भाकरी मी पोचवायचे. त्या बागेवर तुझं शिक्षण झालं. तुझे मेहुणे गेल्यावर मी माहेरी आले ती त्याच बागेने उभी राहिले. ती जाईल या भीतीने एक दिवस मला जेवण गेलं नाही, हेही लिहिते. पण माझी पाच एकर झाकायला बावीस घरांचा डोंगर पांघरूण म्हणून घेऊ? ते माझ्याने व्हायचं नाही.

तोताराम नाना आणि पुना यांना घेऊन मी सहा दिवस डोंगर पालथा घातला. जिथे थांबलो तिथे काय उभं आहे, साग, अंजन की सालई, पान आहे की झडलंय, सगळं वहीत लिहिलं. खोडाचा घेर केळीच्या वाळल्या सोपटाच्या दोरीने मोजला. पुना झाडाला मिठी मारून दोरी फिरवायचा आणि नाना आकडा सांगायचे. एक्केचाळीस जागा झाल्या. पहिल्या नंबरावर लिहिलंय, नाल्यापलीकडे, पाच एकर, केळी, १९६६ साली आमच्या वडिलांनी जंगल तोडून लावलेली. सगळ्यांच्या खाली माझी सही आहे.

एक प्रत हरकत म्हणून कचेरीत देऊन पोच घेतली आहे, तेव्हा आता तू गप्प बसून काही उपयोग नाही. दुसरी सोबत आहे. साहेबांना सांग, बहीण व्हर्नाक्युलर फायनलपर्यंतच शिकली, पण डोंगर चढून आली आहे. ते कितीदा चढले ते विचार.

आशीर्वाद भरपूर, पण या पत्राला उत्तर नको, काम हवं.
यशोदाअक्का


हैदराबाद,
२४ मार्च १९९०

ती. अक्कास,
पितांबरचा शि. सा. न. वि. वि.

१९ तारखेच्या बैठकीत तोंड उघडायचं नाही, असं साहेबांनी आधीच बजावलं होतं. मी उभा राहिलो. तुझी वही मी पहिल्यापासून एक्केचाळीसपर्यंत इंग्रजीत सांगितली, आपल्या बागेसकट. मध्येच साहेब चहाची सुट्टी जाहीर करू लागले, तर स्वीडनच्या बाई म्हणाल्या, चहा नंतर घेऊ. घेर कशाने मोजला हेही त्यांनी विचारून लिहून घेतलं. मग ब्राझीलच्या गृहस्थांनी कबूल केलं की त्यांच्याकडेही पानगळीतलीच चित्रं वापरली आहेत. ते बोलल्यावर आणखी दोघे बोलले.

फ्रान्सवाल्यांनी त्यांच्याजवळचं ऑक्टोबरचं चित्र दिलं, आम्ही आपल्या उपग्रहाचं नोव्हेंबरचं काढलं. दोन्हींत डोंगर गच्च भरलेला. आता ठरलं आहे की प्रत्येक जागेची दोन ऋतूंतली चित्रं हवीत आणि तिथे पायी जाऊन आलेल्या माणसाची सही हवी, तरच सातही देश नकाशा मान्य करतील. दुरुस्त नकाशा जिल्ह्याला रवाना झाला.

पॅरिसला आता दुसरा जाईल, आणि मला संगणकाच्या फिती सांभाळायच्या खोलीत बसवलं आहे. त्याचं काही वाटत नाही असं लिहिणार होतो, पण वाटतं. नाल्यापलीकडे केळी मी माझ्याच हाताने लिहिली. लिहिताना डोळे भरून आले.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझा
पितांबर


निंबझिरी,
२१ जून १९९०

चि. पितांबर यास,
यशोदाअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फळ्यावरची नोटीस काढून टाकली. डोंगर पाड्याजवळच राहिला. फितींच्या खोलीचं मनाला लावून घेऊ नकोस. खरं बोलून मिळालेली खोली आहे, मान वर करून बस तिथे.

परवा दोघं जण साखळी घेऊन बागेच्या मोजणीला आले. भिकन सरपंच आदल्या दिवशीच शिकवून गेले होते, मला काही माहीत नाही, म्हाताऱ्याने केलं असेल, एवढंच म्हणायचं. मी त्या दोघांना चहा दिला आणि हद्द स्वतः चालून दाखवली. पूर्वेकडे ते दहा हात कमी धरत होते, तेही दुरुस्त करून दिलं. साल विचारलं, साल सांगितलं. कुणी तोडलं विचारलं, आबांचं पूर्ण नाव सांगितलं. धाकटा लिहिता लिहिता थांबला आणि म्हणाला, “बाई, असं कुणी सांगत नाही.” मी म्हटलं, “लिहा.”

केळी निसवली आहे, घड बाहेर पडलेत, ते उतरेपर्यंत मुदत मिळाली. त्यानंतर खुंट मीच उपटणार, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. पोटाची चिंता करू नकोस, दीड एकर आहे आणि हातपाय आहेत. तुझ्याकडे येईन ती भेटायला, राहायला नाही.

पुना म्हणतो, तिथे काही लावायला नको, चार पावसाळे रान मोकळं सोडलं की डोंगर आपणहून खाली उतरतो. तेव्हा दरवर्षी दोन्ही ऋतूंत त्या पाच एकरांचं चित्र बघत जा, आणि दिसेल तेच लिही. पण इथे न येता, खुर्चीत बसून जंगल लिहिलंस, तर सातही देशांदेखत तुझा कान धरीन.

आशीर्वाद आहेतच, ते पुरवून वापर.
यशोदाअक्का